अनरीचेबल कोड: पायथन एडिटरमधल्या फिकट ओळींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायथन नुकतंच शिकायला घेतलेले विद्यार्थी आणि रोज पायथनमध्येच काम करणारे डेव्हलपर, दोघांकडूनही हे प्रश्न येत राहतात. उत्तरं मुख्यतः व्हीएस कोड आणि त्यातल्या पायलान्स या एक्स्टेन्शनला धरून आहेत. पायलान्सच्या आत पायराइट नावाचा टाइप चेकर (प्रोग्राम न चालवता टाइपच्या चुका शोधणारं साधन) काम करतो, त्यामुळे नुसतं पायराइट वापरणाऱ्यांनाही ती लागू पडतील. पायचार्म हा दुसरा एडिटर, मायपाय हा दुसरा टाइप चेकर आणि पायलिंट हे कोड तपासणारं साधन कुठे वेगळे वागतात ते त्या त्या जागी सांगितलं आहे. पायथनचे शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत, एडिटरमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.

१. रिटर्नच्या खालच्या ओळी अचानक फिकट झाल्या. माउस नेला की ‘कोड इज अनरीचेबल’ असं दिसतं. याचा अर्थ काय?

एडिटरने तुमचा प्रोग्राम चालवलेला नाही, फक्त वाचला आहे. वाचून त्याने ठरवलं की प्रोग्राम चालताना या ओळींची पाळी कधीच येणार नाही. समजा फंक्शनमध्ये पाच विषयांच्या गुणांची बेरीज केली, ‘रिटर्न बेरीज’ लिहिलं आणि त्याच्याच खाली, त्याच इंडेंटेशनवर, टक्केवारी छापणारा प्रिंट लिहिला. रिटर्नला फंक्शन संपतं, म्हणून तो प्रिंट कधीच चालणार नाही.

गडबड असलीच तर ती बहुतेक वेळा फिकट ओळीत नसते, तिच्या वर असते. म्हणून पहिल्या फिकट ओळीवरून वर जा, शेवटची ठळक ओळ गाठा आणि विचारा: ही ओळ पुढे का जाऊ देत नाही? या पानावरची बहुतेक उत्तरं याच एका प्रश्नाची वेगवेगळी रूपं आहेत.

२. ही एरर आहे का? प्रोग्राम चालेल ना?

चालेल. पायलान्सच्या लेखी ही एररही नाही आणि वॉर्निंगही नाही. ती सर्वांत खालच्या पायरीची सूचना आहे, म्हणून खालच्या ‘प्रॉब्लेम्स’ पॅनेलमध्ये ती येत नाही, नुसता रंग फिका होतो. पायलिंट याच गोष्टीला डब्ल्यू०१०१ या क्रमांकाची वॉर्निंग देतो. मायपाय आपणहून काहीच बोलत नाही, त्याला ‘वॉर्न अनरीचेबल’ हा पर्याय चालू करून द्यावा लागतो. जावामध्ये रिटर्नखाली ओळ लिहिली तर कंपायलर प्रोग्राम बनवूच देत नाही. पायथन तसं अडवत नाही, त्यामुळे लक्ष देण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

३. माझ्या इम्पोर्टच्या ओळीही फिकट आहेत. तेही अनरीचेबल का?

नाही. न वापरलेला इम्पोर्ट, व्हेरिएबल किंवा फंक्शनला दिलेलं पण न वापरलेलं नावही एडिटर फिकट करतो. तिथे माउस नेल्यावर ‘इज नॉट ॲक्सेस्ड’ असा मजकूर येतो. ती ओळ चालते, तिने तयार केलेलं नाव पुढे कोणी वापरत नाही एवढंच. दिसायला दोन्ही सारखे असल्यामुळे घोटाळा होतो. रंगावरून ठरवू नका, मजकूर वाचा.

४. प्रोग्राम चालणारच असेल तर मी एवढं लक्ष का द्यावं?

दोन कारणं आहेत आणि दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

पहिलं: न चालणारी ओळ कोणीतरी चालावी म्हणूनच लिहिलेली असते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीने सुरक्षा अपडेट काढावं लागलं. सी भाषेतल्या त्यांच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ कुठल्याच इफच्या ताब्यात नव्हती, त्यामुळे ती दर वेळी चालायची आणि तिच्या खालची, सर्व्हरची सही खरी आहे का हे तपासणारी पायरी कधीच चालायची नाही. सुरक्षित म्हणून दिसणाऱ्या कनेक्शनमध्ये, फोन आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसलेल्या कोणालाही फसवणूक करता येत होती. ती तपासणी म्हणजे अनरीचेबल कोडच होता.

दुसरं: फिकट भागात पायराइट टाइप तपासतच नाही. तिथे नाव चुकलं, टाइप चुकला, अस्तित्वात नसलेली मेथड बोलावली, तरी लाल रेघ येणार नाही. लाल रेघ नाही म्हणजे सगळं ठीक, अशी आपली सवय असते. फिकट भागात ती सवय फसवते. विशेषतः एडिटरचा निष्कर्षच चुकीच्या माहितीवर उभा असेल (प्रश्न ७, ११ आणि १३ पाहा), तर प्रत्यक्षात चालणारा कोड कुठल्याही तपासणीविना पुढे जातो. मला विचाराल तर दहा लाल रेघांपेक्षा अशी एक फिकट ओळ आधी पाहावी.

५. रिटर्न सोडून आणखी कशामुळे असं होतं?

रेज, ब्रेक आणि कंटिन्यू यांच्या खालच्या, त्याच ब्लॉकमधल्या ओळी. इफ आणि एल्स दोन्हीकडे रिटर्न असेल तर त्या जोडीच्या खालचं सगळं. आणि ‘व्हाइल ट्रू’ लूपमधून बाहेर पडायचा रस्ताच नसेल तर लूपनंतरचा कोड.

शेवटचं कारण कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये फार दिसतं. एटीएमचा मेन्यू असलेला प्रोग्राम असतो, बाहेर ‘व्हाइल ट्रू’, आत पिनसाठी तीन संधी देणारा फॉर लूप. विद्यार्थी फॉरच्या आत ब्रेक लिहितो आणि सगळ्यात खाली ‘धन्यवाद’ छापतो. ते ‘धन्यवाद’ फिकट होतं, कारण ब्रेक फक्त सर्वांत जवळच्या लूपमधून, म्हणजे फॉरमधून बाहेर काढतो. व्हाइल तसाच फिरत राहतो. उपाय म्हणून मेन्यूचा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये टाका आणि बाहेर पडायचं तिथे रिटर्न करा. फ्लॅग ठेवूनही काम होतं, पण फंक्शन जास्त स्वच्छ दिसतं.

६. रिटर्न नाही, रेज नाही, ब्रेक नाही. साधा फंक्शन कॉल आहे आणि त्याच्या खालचं सगळं फिकट. का?

तो कॉल परत येत नाही असं एडिटरला माहीत आहे. ‘सिस’ मोड्यूलमधलं ‘एक्झिट’ हे नेहमीचं उदाहरण. पायथनच्या टाइपच्या माहितीत त्याचा रिटर्न टाइप ‘नोरिटर्न’ असा नोंदवलेला आहे. ‘ओएस’ मोड्यूलमधलं ‘अबॉर्ट’ आणि ‘एक्झेक’ने सुरू होणारी फंक्शन्सही तशीच. नोरिटर्नचा अर्थ ‘काही परत देत नाही’ असा नाही, त्यासाठी ‘नन’ आहे. नोरिटर्न म्हणजे या फंक्शनमधून सुखरूप परत येणंच नाही: एकतर एक्सेप्शन उडेल, नाहीतर प्रोग्राम संपेल, नाहीतर ते कायम फिरत राहील.

संशय असलेल्या फंक्शनच्या नावावर माउस न्या. बाणापुढे नोरिटर्न दिसलं की कारण सापडलं.

७. पण ते फंक्शन मी स्वतः लिहिलंय आणि त्यात कुठेही नोरिटर्न लिहिलेलं नाही!

तुम्ही रिटर्न टाइप लिहिला नसेल तर पायराइट फंक्शनच्या आत जाऊन तो स्वतः ठरवतो. फंक्शनमधला प्रत्येक रस्ता एक्सेप्शनवर संपत असेल तर तो नोरिटर्न असा निष्कर्ष काढतो.

हे बहुधा अर्धवट कामात घडतं. ‘बिल तयार करा’ हे फंक्शन नंतर लिहायचं म्हणून तुम्ही आत फक्त ‘रेज एक्सेप्शन’ टाकून ठेवता. मग ते जिथे जिथे बोलावलं आहे तिथे तिथे खालचा कोड फिकट होतो, कधी दुसऱ्याच फाइलमध्ये, आणि त्या फाइलमध्ये तुम्ही काहीच बदललेलं नसतं. प्रश्न ४ मध्ये म्हटल्याप्रमाणे तिथली टाइप तपासणीही थांबते.

दोन सोपे उपाय आहेत. अपुऱ्या फंक्शनमध्ये ‘नॉट इम्प्लिमेंटेड एरर’ उडवा. हे एक्सेप्शन ‘अजून लिहायचंय’ किंवा ‘सबक्लासने लिहावं’ यासाठीच आहे, आणि ते दिसलं की पायराइट मेथडला नोरिटर्न धरत नाही. दुसरा उपाय मला अधिक आवडतो: रिटर्न टाइप आधीच लिहून ठेवा. फंक्शन पुढे आकडा देणार असेल तर आजच ‘इंट’ लिहा. लिहिलेला टाइप असला की पायराइट अंदाज करत नाही.

बेस क्लासमधल्या मेथडचंही असंच आहे. तिथे साधं एक्सेप्शन उडवलं आणि खरं काम सबक्लासमध्ये केलं, तर बेस क्लासच्या टाइपमधून केलेल्या कॉलखाली फिकट ओळी दिसतात. तिथे ‘ॲब्स्ट्रॅक्ट मेथड’ डेकोरेटर लावा, तोही याच कारणासाठी नोरिटर्नच्या अंदाजातून वगळलेला आहे.

८. विंडोजसाठी लिहिलेला भाग माझ्या लिनक्स मशीनवर फिकट दिसतो. तो विंडोजवर चालेल ना?

चालेल. ‘सिस.प्लॅटफॉर्म’शी केलेली तुलना एडिटर प्रोग्राम न चालवताच सोडवतो आणि त्यासाठी सहसा ज्या मशीनवर तुम्ही बसला आहात तेच गृहीत धरतो. दुसऱ्या सिस्टिमचा भाग म्हणून फिकट. हा निष्कर्ष ‘या मशीनपुरता’ आहे. त्यावर विसंबून तो भाग काढून टाकू नका.

मात्र तिथे तपासणी होत नाही, ही अडचण उरतेच. पायराइटच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘पायथन प्लॅटफॉर्म’ नावाची सेटिंग आहे. तिची किंमत विंडोज, लिनक्स, डार्विन (म्हणजे मॅक) किंवा ऑल अशी देता येते. ऑल दिलं की कुठलाच भाग गृहीत धरून वगळला जात नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी तपासणी वेगळी चालवावी, ते जास्त काटेकोर होतं.

दोन बारकावे. विंडोज ६४ बिटचं असलं तरी सिस.प्लॅटफॉर्मची किंमत ‘विन३२’च असते. ‘विन६४’शी तुलना केली तर तो भाग कुठल्याच मशीनवर चालणार नाही. आणि ‘प्लॅटफॉर्म’ मोड्यूलमधलं ‘सिस्टिम’ फंक्शन वापरलंत तर एडिटरला त्याचं उत्तर आधी कळत नाही, म्हणून काहीच फिकट होत नाही.

९. पायथनच्या आवृत्तीच्या तपासणीचंही असंच का?

हो. ‘सिस.व्हर्जन इन्फो’ ३.११ किंवा पुढची आहे का, असा इफ लिहिला तर एडिटर निवडलेल्या इंटरप्रीटरची आवृत्ती पाहून एक बाजू फिकट करतो. दोन्ही बाजू उलट्या वाटत असतील तर आधी खालच्या पट्टीत कुठला इंटरप्रीटर निवडला आहे ते पाहा. मशीनवर तीन-तीन पायथन असलेल्यांच्या बाबतीत बहुधा कारण तिथेच सापडतं. इम्पोर्ट फसला तर दुसरं काही इम्पोर्ट करायचं, असं ट्राय-एक्सेप्टने लिहिलं तर मात्र फिकट होत नाही, कारण इम्पोर्ट फसेल का हे आधी ठरवता येत नाही.

१०. ‘इफ टाइप चेकिंग’च्या एल्समधला कोड फिकट आहे, पण प्रिंट टाकून पाहिलं तर तोच चालतो! एडिटर चुकतोय?

एडिटर ठरल्याप्रमाणेच वागतो आहे, पण इथे फिकटपणाचा अर्थ नेमका उलटा होतो. ‘टायपिंग’ मोड्यूलमधलं ‘टाइप चेकिंग’ हे नाव टाइप चेकर ट्रू धरतात आणि प्रोग्राम चालताना ते फॉल्स असतं. म्हणजे एल्सची बाजू एडिटरसाठी अनरीचेबल आणि प्रत्यक्षात मात्र तीच चालणार.

ज्यांना ‘फिकट म्हणजे मेलेला कोड’ असं पाठ झालं आहे त्यांनी हे उदाहरण जरूर करून पाहावं. फिकट म्हणजे ‘एडिटर इथे पाहत नाही’, इतकाच खात्रीचा अर्थ आहे. त्या एल्समध्ये शक्य तितका कमी कोड ठेवा.

स्वतःच्या स्थिरांकांसाठीही अशी सोय आहे. पायराइटमध्ये ‘डिफाइन कॉन्स्टंट’ या सेटिंगमधून एखादं नाव कायम ट्रू किंवा फॉल्स धरायला सांगता येतं, मायपायमध्ये ‘ऑलवेज ट्रू’ आणि ‘ऑलवेज फॉल्स’ हे पर्याय आहेत. नव्या टीममध्ये आल्यावर एखादा इफ विनाकारण फिकट दिसला तर प्रोजेक्टच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये हे डोकावून पाहा.

११. मी काळजी म्हणून ‘व्हॅल्यू नन आहे का’ असं तपासतो, आणि एडिटर नेमका तोच भाग फिकट करतो. तपासणी काढून टाकू?

थांबा. आधी हे ठरवा की एडिटरला तुम्ही काय सांगितलंय आणि ते खरं आहे का.

फंक्शनला येणाऱ्या नावाचा टाइप तुम्ही ‘स्ट्रिंग’ असा लिहिलाय. स्ट्रिंग कधी नन नसते. म्हणून ‘इफ नाव इज नन’च्या आतला भाग तुमच्याच शब्दावर अनरीचेबल ठरला. पण पायथन चालताना टाइप ॲनोटेशन, म्हणजे तुम्ही नावापुढे लिहिलेला टाइप, तपासत नाही. एपीआयकडून आलेल्या जेसनमध्ये, एक्सेलच्या रिकाम्या कप्प्यातून आलेल्या माहितीत किंवा डेटाबेसच्या रिकाम्या रकान्यात नन खुशाल येतो आणि ‘स्ट्रिंग’ लिहिलेल्या जागी बसतो.

तर शक्यता दोन. नन खरोखर येऊ शकत असेल तर ॲनोटेशन खोटं आहे. ते ‘स्ट्रिंग किंवा नन’ असं करा. फिकटपणा जाईल आणि त्या भागाची तपासणी पुन्हा सुरू होईल. नन येऊच शकत नसेल, म्हणजे आधीच्याच पायरीवर माहिती गाळून घेतली असेल, तर ही तपासणी अनावश्यक आहे आणि काढता येते.

तिसरीही एक जागा आहे. तुमची लायब्ररी दुसरे लोक वापरतात आणि ते टाइप चेकर वापरतीलच असं नाही. तिथे ‘इज इन्स्टन्स’ने स्ट्रिंग तपासून एल्समध्ये ‘टाइप एरर’ उडवणं रास्त आहे. एल्स फिकट दिसेल, दिसू द्या. मायपायही हे समजून घेतो: ‘वॉर्न अनरीचेबल’ चालू असलं तरी पोहोचता न येणारी ओळ रेज, ‘असर्ट फॉल्स’ किंवा नोरिटर्न फंक्शनचा कॉल असेल तर तो गप्प राहतो.

टाइपवरून काढलेल्या अशा निष्कर्षांसाठी पायराइटच्या नव्या आवृत्त्यांत ‘एनेबल रीचेबिलिटी ॲनालिसिस’ ही वेगळी सेटिंग आहे. ती बंद असेल तर टाइपमुळे अनरीचेबल ठरलेला भाग फिकट करून दाखवला जात नाही. रिटर्न किंवा रेजखालचा भाग मात्र या सेटिंगच्या बाहेर आहे, तो नेहमीच फिकट दिसतो.

१२. सगळ्या केस लिहून झाल्यावर शेवटी ‘असर्ट नेव्हर’ लिहायला सांगतात. मुद्दाम अनरीचेबल ओळ कशाला लिहायची?

कारण उद्या ती रीचेबल झाली तर एडिटरने ओरडावं म्हणून. समजा ऑर्डरच्या स्थितीचा एनम (ठरावीक किमतींचा संच) आहे: नवी, पाठवली, पोहोचली. मॅचमध्ये तिन्हीच्या केस लिहिल्या आणि उरलेल्या सगळ्यांसाठीच्या केसमध्ये ‘असर्ट नेव्हर’ला ती स्थिती दिली. आज तिथे काहीच उरत नाही, म्हणून सगळं शांत. सहा महिन्यांनी कोणी ‘रद्द’ ही चौथी स्थिती वाढवली की असर्ट नेव्हरवर लाल रेघ येते, कारण आता तिथे ‘रद्द’ पोहोचू शकते. ज्या ज्या फाइलमध्ये अशी ओळ आहे त्या सगळ्या एका झटक्यात सापडतात.

असर्ट नेव्हर ‘टायपिंग’ मोड्यूलमध्ये पायथन ३.११ पासून आहे. जुन्या आवृत्तीवर ‘टायपिंग एक्स्टेन्शन्स’ पॅकेजमधून घ्या. मॅच ३.१० पासून आहे, पण हीच युक्ती इफ-एलिफच्या साखळीतही चालते. अनरीचेबल कोडच्या विश्लेषणाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग हाच, आणि आपल्याकडच्या शिकवण्यांमध्ये तो फारसा सांगितला जात नाही याचं वाईट वाटतं.

१३. ‘सेल्फ.कनेक्शन’ आधी नन केलं, मग ‘सेल्फ.जोडा’ ही मेथड बोलावली, मग ‘नन नसेल तर’ असा इफ लिहिला. इफचा आतला भाग फिकट! पण मेथड तर कनेक्शन भरते.

तुम्ही बरोबर आहात आणि एडिटर चूक आहे. नन दिल्यावर पायराइट मनात नोंद करतो की या क्षणी इथे नन आहे. मधल्या मेथड कॉलमुळे ती नोंद पुसली जात नाही. प्रत्येक कॉलनंतर सगळ्या नोंदी पुसल्या तर ‘नन नाही’ हे एकदा तपासल्यावरही दर ओळीला पुन्हा तपासावं लागलं असतं, म्हणून ही तडजोड जाणून-बुजून केलेली आहे. मायपायही असंच वागतो.

यातून बाहेर पडायला ‘जोडा’ला कनेक्शन परत द्यायला लावा आणि ते बोलावलेल्या जागीच सेल्फ.कनेक्शनमध्ये भरा. कोड वाचणाऱ्या माणसालाही त्यामुळे बदल कुठे होतो ते दिसतं. हे जमत नसेल तर सुरुवातीचं ‘नन’ कन्स्ट्रक्टरमध्ये हलवा आणि जोडणी वेगळ्या मेथडमध्ये करा, कारण ती नोंद एका फंक्शनपुरतीच टिकते.

१४. विथ ब्लॉकमध्ये एक्सेप्शन उडतं, पण माझा कॉन्टेक्स्ट मॅनेजर ते गिळतो. तरी विथच्या खालचा कोड फिकट का?

कॉन्टेक्स्ट मॅनेजर एक्सेप्शन गिळतो की नाही हे एडिटर त्याच्या ‘एक्झिट’ मेथडच्या (प्रश्न ६ मधलं ‘सिस’चं एक्झिट नव्हे, विथ संपताना आपोआप चालणारी मेथड) रिटर्न टाइपवरून ठरवतो. तिथे ‘बूल’ असेल तर गिळू शकतो असं मानतो. ‘नन’ किंवा ‘बूल किंवा नन’ असेल तर गिळत नाही असं मानतो. तुमचा मॅनेजर खरंच गिळत असेल तर रिटर्न टाइप नुसता बूल लिहा. ‘कॉन्टेक्स्टलिब’मधल्या ‘सप्रेस’चा तसाच आहे, म्हणून त्याच्या खाली ही अडचण येत नाही. ‘कॉन्टेक्स्ट मॅनेजर’ डेकोरेटर लावून, यील्डभोवती ट्राय-एक्सेप्ट घालून गिळत असाल तर मात्र डेकोरेटरच्या टाइपमध्ये ‘बूल किंवा नन’ असल्यामुळे एडिटरला ते कळत नाही. तिथे सरळ क्लास लिहिणं बरं.

१५. मग फिकट ओळी दिसल्या की काढून टाकणं सुरक्षित आहे का?

प्रश्न ८ ते १४ मधली कारणं नसतील आणि नुसतं रिटर्न किंवा रेजच्या खालचं काही असेल, तर बहुतेक वेळा हो. पण पायथनमध्ये दोन गोष्टी अशा आहेत की ओळ कधीच चालत नाही, तरी तिच्या असण्याने वागणूक बदलते.

यील्ड ही पहिली. फंक्शनमध्ये कुठेही यील्ड असेल, अगदी रिटर्नच्या खाली फिकट पडलेला असेल, तरी ते फंक्शन जनरेटर (एकेक किंमत देत जाणारं फंक्शन) ठरतं. रिकामा जनरेटर हवा म्हणून ‘रिटर्न’ आणि त्याखाली ‘यील्ड’ असं मुद्दाम लिहितात. तो यील्ड काढला तर फंक्शन जनरेटरऐवजी नन देऊ लागतं आणि त्यावर फिरणारा फॉर लूप ‘टाइप एरर’ देऊन पडतो. अशा यील्डजवळ एक टिप्पणी लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस साफसफाईत तो उडवेल.

दुसरी, व्हेरिएबलला किंमत देणं. फंक्शनमध्ये कुठेही एखाद्या नावाला किंमत दिली की ते नाव पूर्ण फंक्शनसाठी लोकल होतं. बाहेर ‘दर’ नावाचं ग्लोबल आहे, फंक्शनच्या वरच्या ओळीत तुम्ही ते वाचता आणि रिटर्नच्या खाली जुनी, फिकट ‘दर = ५’ ही ओळ राहून गेली आहे. वाचतानाच ‘अनबाउंड लोकल एरर’ येते. न चालणाऱ्या ओळीमुळे वरची ओळ पडते, म्हणून हे शोधायला वेळ लागतो. इथे फिकट ओळ काढणं हाच उपाय.

१६. एक्सेप्ट आणि फायनली यांच्याबाबतीत काय लक्षात ठेवायचं?

आधी ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ आणि त्याखाली ‘एक्सेप्ट व्हॅल्यू एरर’ लिहिलं तर दुसरा एक्सेप्ट कधीच चालत नाही, कारण व्हॅल्यू एरर हे एक्सेप्शनच्याच वंशातलं आहे. पायथन काही बोलत नाही. पायराइटमध्ये यासाठी ‘रिपोर्ट अनयूज्ड एक्सेप्ट’ हा वेगळा नियम आहे. नेमकं एक्सेप्शन वर, व्यापक खाली, हा क्रम ठेवा.

ट्रायमध्ये रिटर्न असलं तरी फायनली चालतंच, म्हणून ते फिकट होत नाही. पण फायनलीमध्येच रिटर्न लिहिलं तर उडालेलं एक्सेप्शन नाहीसं होतं, ट्रायमधल्या रिटर्नची किंमतही जाते. पायथन ३.१४ पासून फायनलीमधून बाहेर पडणाऱ्या रिटर्न, ब्रेक आणि कंटिन्यूला ‘सिंटॅक्स वॉर्निंग’ मिळते. जुन्या कोडमध्ये ती दिसली तर दाबून टाकू नका.

१७. हा फिकटपणा बंद कसा करायचा?

व्हीएस कोडच्या सेटिंगमध्ये ‘एडिटर.शो अनयूज्ड’ बंद केलं की फिकं करणं थांबतं, पण मग प्रश्न ३ मधले न वापरलेले इम्पोर्टही ठळक दिसतील. नुसतं वाचायला त्रास होत असेल तर थीमच्या रंगांमध्ये ‘एडिटर अननेसेसरी कोड’ची ओपॅसिटी वाढवा. ओळ वाचता येईल आणि इशाराही राहील. ‘टाइप इग्नोर’ची टिप्पणी टाकून हा फिकटपणा जात नाही.

१८. पायचार्म, पायलिंट आणि पायलान्स वेगवेगळं सांगतात. कोणाचं खरं?

प्रत्येक जण वेगळ्या खोलीपर्यंत जातो. पायलिंटची वॉर्निंग मुख्यतः कोडच्या रचनेकडे पाहते: रिटर्न किंवा रेजच्या खाली काही आहे का. पायचार्मचं स्वतःचं ‘अनरीचेबल कोड’ नावाचं इन्स्पेक्शन आहे. पायलान्स टाइपपर्यंत जातो, म्हणून त्याला जास्त सापडतं आणि तो प्रश्न १३ सारखा कधी चुकतोही. मायपाय ॲनोटेशन नसलेल्या फंक्शनच्या आत मुळात पाहतच नाही, जोवर तसं सांगत नाही. संपूर्ण प्रोजेक्टमधला कोणीही न वापरलेला कोड शोधायचा असेल तर व्हल्चर हे साधन चालवा. ते अनरीचेबल ओळी शंभर टक्के खात्रीच्या म्हणून सांगतं आणि न वापरलेली फंक्शन्स कमी खात्रीने.

१९. अनरीचेबल कोडमुळे प्रोग्राम हळू चालतो का?

नाही. सीपायथनमध्ये, म्हणजे आपण सहसा वापरतो त्या पायथनमध्ये, रिटर्नखालचा आणि ‘इफ फॉल्स’च्या आतला कोड बाइटकोड तयार करतानाच गाळला जातो. भार पडतो तो वाचणाऱ्यावर.

२०. उघड उघड कधीच न चालणारा कोड एडिटरने ठळकच ठेवलाय. हे कसं?

हे नेहमीच होतं आणि ते समजून घेणं फिकट ओळी समजण्याइतकंच गरजेचं आहे. कुठल्याही प्रोग्राममधली कुठलीही ओळ कधी चालेल का, हे दर वेळी अचूक सांगणारं साधन बनवताच येत नाही. १९३६ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी जे सिद्ध केलं त्यातूनच हे येतं. म्हणून एडिटर मोजक्या, खात्रीच्या खुणांवरच बोलतो.

गुण ३५ हून जास्त असतील तर ‘पास’, आणि खाली एलिफमध्ये ७५ हून जास्त असतील तर ‘डिस्टिंक्शन’ असं लिहिलं, तर डिस्टिंक्शन कोणालाच मिळणार नाही. एडिटर आकड्यांची अशी तुलना करत नाही, ओळ ठळकच राहते.

फॉर लूपच्या आत, एक पायरी जास्त सरकलेला रिटर्न हेही तसंच. लूप पहिल्याच फेरीत संपतो, बेरीज पहिल्याच आकड्याची मिळते. पण यादी रिकामी असू शकते, मग लूपनंतरचा कोड चालेल, म्हणून एडिटर गप्प बसतो.

आणि पायटेस्ट हे टेस्ट चालवायचं साधन वापरणाऱ्यांसाठी सर्वांत महागडं उदाहरण. ‘विथ पायटेस्ट.रेजेस’च्या आत एक्सेप्शन देणारा कॉल असतो आणि त्याच्याच खाली, त्याच ब्लॉकमध्ये असर्ट लिहिलेला असतो. कॉलला एक्सेप्शन उडतं, विथ ते पकडतो, असर्ट कधीच चालत नाही आणि टेस्ट हिरवी होते. तो कॉल एरवी परत येऊ शकतो, म्हणून एडिटरला फिकट करायला कारण नाही. असर्ट एक पायरी बाहेर काढा. अशा किती टेस्ट आहेत ते पाहायचं तर कव्हरेजचा, म्हणजे कुठल्या ओळी चालल्या याचा, अहवाल टेस्टच्या फाइलींसाठीही काढा. बरेच जण तो फक्त मुख्य कोडसाठी काढतात आणि न चाललेले असर्ट वर्षानुवर्षं तसेच राहतात.